दुसरी घागर

आमच्या वऱ्हाडात अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. नवी मातीची घागर, त्यात थंड पाणी, वाळ्याची जुडी, तोंडावर खरबूज. वैशाखाच्या उन्हात पितरांना तहान लागते म्हणे. मग गेलेल्याच्या वयाचा एखादा माणूस घरी बोलवायचा, पाय धुऊन पाटावर बसवायचा आणि जेवू घालायचा. त्या दिवसापुरता तोच पितर. जित्या माणसाच्या नावानं मात्र घागर भरायची नाही. भरली तर तो मरतो.

माझ्या मालकांच्या नावाची घागर दोन अखज्या भरली गेली नाही. सासूनं भरू दिली नाही. आणि घागर नाही म्हणून मला रडता आलं नाही. कोणी म्हणेल, रडायला काय कोणाची परवानगी लागते? लागते बाप्पा. ज्या घरात माणूस जिता आहे असं ठरलं, त्या घरात त्याच्यासाठी रडणारी बाई म्हणजे अवदसा. मला त्यांच्यासाठी एकदा गळा काढून रडायचं होतं, बाकी काही नको होतं. ते माझ्या वाट्याला किती उशिरा आलं ते सांगायला बसले आहे.

मी अकोल्याची. मोर्णेच्या काठाला आमच्या बापाची बाग होती, आणि फुलं घेऊन ज्या मास्तरीणबाईंकडे मी जायची त्यांनी बापाच्या मागं लागून मला चार इयत्ता शिकवलं. म्हणून हे लिहिता येतं. लिहिते ती भाषा शाळेतली, बोलते ती घरची. मधूनमधून घरची डोकं काढेल. तिला काही मी हाकलणार नाही.

लग्न होऊन बडनेऱ्याजवळच्या ह्या गावात आले तेव्हा घरात सासरा, सासू आणि हे, एवढीच माणसं. भाजीपाल्याचा मळा, विहीर, बैलजोडी. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, थंडीत शेवंती. पहाटे बंडी जुंपून सगळं अमरावतीच्या बाजारात जायचं. ह्यांचं नाव मी तोंडानं कधी घेतलं नाही आणि इथंही घेणार नाही. नवऱ्याला अरे-तुरे करणारी बाई आमच्या गावात मी तरी पाहिली नाही. 'ते आले', 'ते जेवले', असंच. पाठीमागंसुद्धा तसंच. मनातल्या मनातसुद्धा तसंच.

संसार झाला तो एक वर्षाच्या आतला. दिवसा सासू-सासऱ्यांसमोर बोलायची सोय नव्हती. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत. ह्यांचा चेहरा मी भर उजेडात फार थोडा पाहिला, त्याचा मला अजून राग येतो. चेहऱ्यापेक्षा ह्यांचे हात मला जास्त आठवतात, कारण वाढताना पदराखालून तेवढेच दिसायचे. खाणं दांडगं होतं, पण बापासमोर दुसऱ्यांदा मागायला लाज वाटायची. शेवटचा घास ताटात ठेवून बसून राहायचे. सासू म्हणायची, "झालं का रे तुहं?" हे गप्प. मग मी समजून आणखी एक भाकर टाकायची. आमचं नवरा-बायकोपण ते एवढंच. ते मागत नसत आणि मी वाढत असे.

ह्यांचं काम मोट हाकायचं. बैल उतारावरून खाली गेले की मोट भरून वर येते, बैल मागं आले की मोट पुन्हा विहिरीत. सकाळपासून दिवस कलेपर्यंत तेच. एकदा मला म्हणाले, "दिसभर चालून राह्यलो मी. इतकं सरळ चाललो असतो तं आतापावतर काशी आली असती. अन् हाये कुठं? त्याच विहिरीपाशी." मी हसले. मला वाटलं, थट्टा आहे.

ती थट्टा नव्हती. जांबाचं, म्हणजे पेरूचं, टोपलं घेऊन हे बडनेऱ्याच्या स्टेशनावर विकायला जायचे. तिथं पलटणीच्या गाड्या थांबायच्या. लढाई लागली होती. गाडीतले जवान मुंबईला चालले होते, तिथून आगबोटीत बसणार होते. एक दिवस हे रिकामं टोपलं घेऊन आले आणि भरतीत नाव दिलं म्हणून सांगितलं. सासूनं कपाळ बडवून घेतलं. "काहून रे? इथं काय कमी पडलं तुले?" हे म्हणाले, "दर्या पाहाचा हाये मले." सासरा बैलांना कडबा टाकायला उठून गेला.

जायच्या दिवशी मी वांग्याच्या वाफ्यात होते. नवे बूट कुईकुई वाजत होते, त्याचीच त्यांना लाज वाटत होती. बांधावर उभे राहिले. "येतो मंग. दर्या पाहून येतो." मी म्हणाले, "बरं." घ्या! नवरा समुद्रापार चालला आणि बायको म्हणते, बरं. पंधरा वर्षांची पोट्टी मी, तोंडाला खीळ बसली होती.

खबर आली ती पुढच्या पावसाळ्यात. सासू ओट्यावर बसून दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी सांबाराच्या जुड्या बांधत होती. पाटील, पटवारी आणि मागं कोतवाल, असे तिघं अंगणात आले. पाटलानं नुसतं खाकरून घेतलं. बोलला तो पटवारी. हा दुसरीकडून बदलून आलेला, भाषा कचेरीची. म्हणाला, "बाई, तुमचा मुलगा बसऱ्याच्या पुढं लढाईत कामी आला."

सासू जुडी बांधताबांधता म्हणाली, "येईनच. कामाले कधी मागं नाई माहा लेक."

मी चुलीपाशी होते. शाळेतल्या पुस्तकात मी 'कामी आला' वाचलं होतं. मला अर्थ कळला आणि सासूला कळला नव्हता, तेवढा एक क्षण मी एकटी त्या घरात विधवा होते.

मग पाटील म्हणाला, "माय, कामी आला म्हंजे गेला. खपला लढाईत."

सासूच्या हातातली जुडी सुटली. तिनं ती पुन्हा गोळा केली. पटवाऱ्याला वाटलं, चार शब्द धीराचे बोलावे. म्हणाला, "सरकारनं आबाळ केली नाही. मानानं दफन केलं."

"दफन म्हंजे?"

"पुरलं," कोतवालानं सांगितलं.

सासू हसली. खरंच हसली, मी पाहिलं. "पुरलं? अन् तुमी माह्या दारात कसे आले मंग? आमच्यात पुरतेत का? दात न आलेलं लेकरू पुरतेत. माहा लेक बाईस वर्साचा घोडा. त्याले कोन पुरंन?"

पाटील म्हणाला, "रिद्धपूरकडं महानुभाव पुरतेतच ना, माय."

"मंग तो पुरलेला पोट्टा रिद्धपूरचा असंन. तिकडं जाऊन पुसा. त्याची माय बिचारी वाट पाहून राह्यली असंन, अन् तुमी इथं वेळ घालून राह्यले." एवढं बोलून ती जुड्या बांधायला लागली. तिघं गेले. पटवाऱ्यानं सरकारी कागद पुढं केला होता, त्यावर तिनं अंगठा उठवला नाही. सासरा ओट्याचा खांब धरून उभा होता तो तसाच.

माझ्या गळ्यातून आवाज निघाला असावा. सासू चुलीपाशी आली, माझं मनगट धरलं. "काहून व? जित्या मानसासाठी रडून राह्यली? आयुष्य कमी करतं का त्याचं?" डोळे असे की मी आवाज गिळला. तो घशात तसाच राहिला.

आमच्याकडे माणूस गेला की बायका दारात येतात, एकमेकींच्या गळ्यात पडतात, आणि रडताना गेलेल्याचं सगळं सांगतात. काय खात होता, कसा चालत होता, कोणाला काय बोलला होता. नव्या विधवेला त्या रडवतात. ती रडली नाही तर पाठीवर बुक्क्या मारून रडवतात. मी वाट पाहिली. आमच्या घरी कोणी आलं नाही. येणार कशा? सासू विहिरीवर सगळ्यांना सांगत होती, "माहा लेक दर्यापार हाये, येईन."

त्या दिवसापासून मी धड इकडची नाही, धड तिकडची नाही. कपाळाला कुंकू, गळ्यात काळी पोत, हातात बांगड्या. पण ज्यांच्या घरी लग्न त्या मला हळद लावायला बोलवत नसत. आणि ज्यांच्या घरी मयत, त्याही माझ्या गळ्यात पडत नसत. विहिरीवर मी गेले की बोलणं बंद पडायचं आणि मी घागर उचलली की सुरू व्हायचं. रोज भरल्या घरात, भरल्या बाजारात असायचे, पण माझ्याशी भाजीच्या भावापलीकडं बोलणारं कोणी नव्हतं.

रडायची मी जागा शोधली. कांदा चिरताना रडून पाहिलं. सासू आली आणि कांदा हातातून काढून घेतला. बुढीला सगळं कळायचं. विहिरीवर मोटेच्या चाकाचा आवाज मोठा, तिथं रडावं म्हणून गेले. पण मोट आता सासरा हाकत होता. म्हातारा माणूस ह्यांच्याच पाऊलवाटेवर पुढं-मागं चालत होता. त्याच्यासमोर कशी रडू? पहाटे बंडीत सांबाराच्या ढिगावर बसून अमरावतीला जाताना अंधार असायचा. तिथं प्रयत्न केला. आलं नाही. दाबून दाबून ती वाटच बुजली होती.

अकोल्याहून बाप आला. आमच्या जातीत विधवेचा पाट लागतो, दुसरं घर करता येतं. बाप म्हणाला, "इवाई, पोरगी लहान हाये. मी नेतो."

सासू म्हणाली, "नवरा जिता असता पाट? अकोल्यात चालत असंन. आमच्या इथं नाई."

बापानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. सासूच्या धाकानं नाही, तिचा मला काही कमी राग नव्हता. पण ज्या घरात मी त्यांना वाढलं त्या घरातून रडल्याशिवाय निघायचं नाही, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. बाप संध्याकाळच्या गाडीनं एकटा परत गेला.

त्या थंडीत एक लंगडा जवान आला. ह्यांच्या पलटणीतला, गाव अकोल्याकडचं. पाय जखमी म्हणून घरी पाठवलेला. आपलं गाव मागं टाकून आधी बडनेऱ्याला उतरून काठी टेकत चालत आला. सासूनं त्याला ओट्यावर बसवलं, गुळपाणी दिलं. माझा मुलगा कसा आहे, असं तिनं विचारलं.

तो बिचारा गोंधळला. म्हणाला, "काकू, मी त्याच्यापाशीच होतो. ताप आला. उन्हाचा ताप. माह्याच मांडीवर गेला." मग हात जोडले. "पुरलं म्हणून राग नोका धरू. तिकडं झाडच नाई. जिकडं पाहा तिकडं रेती. जाळाले लाकूड आनावं कुठून?"

सासू म्हणाली, "झाड नाई असा मुलूक असते का कुठं?"

"हाये काकू. मी पाह्यला."

"अन् बसऱ्याचा खजूर?"

"आँ?"

"अमरावतीच्या बाजारात पोत्यानं येते बसऱ्याचा खजूर. माह्या टोपल्याच्या शेजारीच बसते तो खजूरवाला. खजुराले झाड नसते का? का तो रेतीत पिकते वांग्यासारखा?"

जन्म मळ्यात गेलेली बाई ती. माणसं आहेत आणि झाड नाही, हे तिच्या समजुतीत बसणारच नव्हतं. जवान हळूच म्हणाला, "ते झाडं नदीच्या काठी हायेत, काकू. आमी लय पुढं होतो."

"मंग नदीच्या काठी न्याचं होतं त्याले," सासू म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. तेवढा एकदाच. लगेच पदर सावरून उठली. "पण तो माहा नव्हताच म्हना. तुही गफलत झाली बाबू. सारेच पोट्टे सारखे दिसतेत त्या टोपीत."

तो निघाला तेव्हा मी कुंपणापर्यंत मागं गेले. परक्या माणसाशी बोलायची ती माझी पहिलीच खेप. विचारण्यासारखं पुष्कळ होतं. माझं नाव काढलं का, शेवटी काय बोलले, दर्या कसा वाटला. तोंडातून निघालं ते भलतंच. "पोटभर जेवत होते का?"

तो थांबला. खोटं बोलावं की काय, असा विचार करत असावा. मग म्हणाला, "वहिनी, तिकडं पोटभर कोनीच नव्हतं. अन् तो तं मागतही नव्हता."

मी घरी येऊन भाकरी थापल्या. सासूच्या समोर, कोरड्या डोळ्यांनी.

अखजी आली. कुंभार घागरी घेऊन दारात आला. दरसाल एकच घागर, घराण्यातल्या सगळ्या जुन्या माणसांची मिळून. कुंभारानं भीत भीत विचारलं, "यंदा कितीक?" सासू म्हणाली, "दरसालसारखी एक. काहून, वाढली का आमची मानसं?" दुसऱ्या वर्षीही तेच.

मग मानमोडीच्या तापाची साथ आली. ज्यांनी ती पाहिली त्यांना सांगायला नको, न पाहिलेल्यांना सांगून पटणार नाही. सकाळी बोललेला माणूस संध्याकाळी नाही. गावात रोज तिरड्या, पुढं पुढं तिरड्याही नाहीत. सासरा मोटेवरून आला, हातपाय दुखतात म्हणून पडला, तो उठलाच नाही. खांदा द्यायला माणूस मिळेना. जो तो आपल्या घरच्या मढ्यापाशी. आणि लाकूड संपलं होतं. मसणात अर्धवट जळलेली मढी पडली होती. कोतवाल म्हणाला, "माय, झाड तोडून सुकवाले वेळ नाई. ओल्यानं जळत नाई. कुत्रे ओढून राह्यले."

सासू बराच वेळ नवऱ्याच्या उशाशी बसली. मग म्हणाली, "बांधावर खड्डा करा."

कोतवाल आणि मी, आम्ही दोघांनी खणलं. आंब्याच्या झाडाखाली, जिथं सासरा दुपारची भाकर खायचा. काळी जमीन, ओली होती, कुदळ जड जात होती. माती लोटून झाली तेव्हा सासू त्या ढिगापाशी बसली. वर आंबा. पलीकडं लिंब, बाभळी, संत्र्याची झाडं. तिनं एकएक करून सगळ्या झाडांकडं पाहिलं.

"इथं तं झाडंच झाडं हायेत," ती म्हणाली. "तरी पुरलं ना आपून."

त्या रात्री जेवली नाही. नंतरच्या महिन्यांत तिनं 'माहा लेक येईन' हे म्हटलेलं मी ऐकलं नाही.

पुढच्या अखजीला कुंभार आला, तेव्हा सासऱ्यासकट जुन्या सगळ्यांची एक घागर तो आपण होऊनच काढून ठेवत होता. सासू म्हणाली, "ही एक, अन् दुसरी दे."

कुंभारानं माझ्याकडं पाहिलं, मी सासूकडं. ती घागरीवर बोटानं टिचकी मारून कुठं तडा आहे का ते पाहत होती. भाजी घेताना गिऱ्हाईक पाहतं तशी. मग मला म्हणाली, "इकडं ये व. बैस."

मी बसले. तिनं आपल्या ओल्या पदरानं माझं कुंकू पुसलं. बांगड्या फोडल्या नाहीत. हाताला तेल लावून एकएक करून उतरवल्या, लहान लेकराच्या उतरवाव्या तशा. काळी पोत काढली. "लय दिस राखलं मी तुहं कपाळ," ती म्हणाली. "माह्या लेकासाठी राखलं. तुह्यासाठी नाई राखलं, खरं सांगतो." आमच्याकडं बायाही कधी कधी 'सांगतो' म्हणतात. इतकं खरं मला कोणी कधी बोललं नव्हतं.

म्हटलं, आता रडायचं. आता कोण अडवतं?

पण त्या दिवशी सासू रडली. घागरीत पाणी ओतता ओतता ती खाली बसली आणि तीन वर्षांचं एकदम बाहेर आलं. "नदीच्या काठी न्याचं होतं व माय त्याले," म्हणून ती अशी ओरडली की शेजारपाजारच्या बायका धावत आल्या. तिला कोण धरणार? मीच धरलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर, मी पाणी पाजते आहे, वारा घालते आहे. पाटावर दोन पितर येऊन बसले होते, सासऱ्यासाठी एक म्हातारा आणि ह्यांच्यासाठी शेजारचा एक बाविशीतला पोट्टा. त्यांना वाढायचं होतं. मी डोक्यावरून पदर घेतला, पाय धुतले, त्या पोट्ट्याला म्हणाले, "घ्या. आणखी घ्या." ते ह्यांनाच म्हणत होते मी. रडायचं राहून गेलं. आणि जे राहून गेलं ते मग येईना.

त्यानंतर सासू स्वतः म्हणाली, "जाय आता अकोल्याले. पाट लाव. मी आडवी येत नाई." बापही येऊन गेला. मी गेले नाही. लोकांनी मला पतिव्रता ठरवलं. कशाची पतिव्रता! माझं अजून ह्या घराकडं एक येणं बाकी होतं.

बुढी आणि मी, दोघींनी बरीच वर्षं काढली. भांडलो पुष्कळ. पितराच्या बाबतीत तिचा एक हट्ट होता. "पोट्टा त्याच्याच वयाचा पाह्यजे, बाईसचा. म्हातारा नको आनू." त्यामुळं पाटावर बसणारे बदलत गेले. आधी शेजारचा, तो बाविशी ओलांडून गेला, मग त्याचा धाकटा भाऊ, मग दुसऱ्या आळीतला कोणी. मी खाली पाहून वाढायची. हात दिसायचे. "घ्या," म्हणायची.

मग बुढीही गेली. तिला धड लाकूड मिळालं. मोट मी दुसऱ्याला दिली, स्वतःपुरती शेवंती ठेवली. अमरावतीच्या बाजारात माझं टोपलं अजून त्याच जागी असतं. खजूरवाल्याचा मुलगा आता दुकान चालवतो. घरी आले की कुलूप काढायचं, दिवा लावायचा, एक भाकर थापायची. एकीसाठी चूल पेटवायचा कंटाळा येतो, पण पेटवते. बाजारात एखादा पिकल्या मिशांचा, डोक्यात चांदी झालेला गडी दिसला की मनात यायचं, ते असते तर असेच दिसते. गुडघे दुखले असते, दात पडले असते, जांब खाता आला नसता. इतकी वर्षं माझ्या मनात ते माझ्याबरोबर म्हातारे होत चालले होते. वयाचा हिशेब मी कधी केलाच नव्हता. मधे दुसरी लढाई लागली, भरतीवाले पुन्हा गावात आले. मी दार लावून घेतलं.

गेल्या अखजीला पितर म्हणून आमच्या आळीतल्या माळ्याचा नातू आला. बडनेऱ्याच्या स्टेशनावर कामाला लागलेला, पोट्टा चांगला आहे. घागरी मांडल्या होत्या. मी पाय धुतले, पाटावर बसवलं, पुरणपोळी वाढली, आंब्याचा रस, कुरडई, भजे. हात दिसत होते. मी म्हणाले, "घ्या."

तो खुदकन हसला. "काकू, मले काहून घ्या म्हनता? नातवाएवढा हाये मी तुमच्या."

"तू आज पितर हायेस," मी म्हणाले.

जेवता जेवता त्यानं दुसऱ्या घागरीकडं पाहिलं आणि सहज विचारलं, "काका केवढे होते हो, गेले तेव्हा?"

मी तोंड वर केलं. आता पदर काही नाकापर्यंत नसतो. भर दुपारचा उजेड होता आणि दार उघडं होतं. मिसरूड नुकतं काळं झालेलं. गळ्याचं हाड वरखाली होत होतं. ओठाला पुरण लागलं होतं, ते त्याला माहीत नव्हतं. आणि ताटात त्यानं एक घास शिल्लक ठेवला होता. पोट भरलं नव्हतं, पण मागायची लाज.

"तुह्याएवढाच होता रे बाबू," मी म्हणाले.

होता, म्हणाले. होते नाही. जन्मात त्यांना मी असं म्हटलं नव्हतं. शब्द माझ्याच कानाला लागला आणि मला कळलं, की कोणी म्हातारं झालेलं नाही. माझ्यासोबत इतकी वर्षं कोणी चाललेलं नाही. तो तिथंच राहिला, रेतीत, कुईकुई बुटांत. एवढंसं पोरगं. दर्या पाहायला निघालेलं. मांडीवर घ्यावं, असं पोरगं. आणि माझ्या घशात त्या पावसाळ्यापासून अडकलेलं ते सुटलं. मी गळा काढला. शेवंतीचं टोपलं, मोट, जांब, एक घास, सगळं घेऊन रडले. गळ्यात पडायला कोणी नव्हतं, तर दाराच्या चौकटीला धरून रडले.

पोट्टा घाबरून उठायला लागला. "काकू, माहं काही चुकलं का?"

"उठू नको," मी रडतच म्हणाले. "पितर अर्ध्या ताटावरून उठत नसते. जेव."

तो बसला. खाली मान घालून त्यानं तो शेवटचा घास खाल्ला आणि रिकाम्या ताटाकडं पाहत राहिला. मी डोळे पुसले नाहीत. तशीच चुलीपाशी गेले, आणखी दोन पोळ्या आणल्या, वर रस ओतला.

"लाजू नको रे," मी त्याला म्हणाले. "घे. पोटभर घे."